फायनान्सचं मास्टर्स निवडणारा

फायनान्सचं मास्टर्स निवडणारा हा बावीस ते सव्वीस वयाचा, बी.कॉम. झालेला आणि पुढच्या वर्षी नक्की परदेशी जाणारा तरुण असतो. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या गावात तो अलीकडे दिसू लागला आहे. त्याच्या आधीची पिढी पदवीनंतर बी.एड. करायची, नाहीतर पुण्यात सदाशिव पेठेत कॉट घेऊन एमपीएससीची तयारी करायची. हा त्यातलं काहीच करत नाही. त्याला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं असतं आणि त्यासाठी कोणतं मास्टर्स घ्यावं, याचा तो अभ्यास करत असतो. हा अभ्यास त्याच्या बी.कॉम.पेक्षा जास्त काळ चाललेला असतो.

इन्व्हेस्टमेंट बँक ठेवी घेत नाही, पीककर्ज देत नाही आणि पासबुकही छापून देत नाही. कंपन्यांना शेअर किंवा रोखे विकून भांडवल उभं करून देणं, एका कंपनीला दुसरी विकत घेताना किंमत काढून देणं आणि त्याबद्दल फी घेणं, हा तिचा धंदा. बार्शीच्या मार्केट यार्डात आडत्या तुरीच्या बाबतीत जे करतो, तेच ही बँक कंपन्यांच्या बाबतीत करते. फरक एवढाच, की आडत्या दुपारी घरी जेवायला जातो. या भागाला हा व्यवहार नवा नाही. कुर्डुवाडी-बार्शी अडीच फुटी रेल्वे 1897 साली सुरू झाली, ती चालवणारी बार्शी लाइट रेल्वे कंपनी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या खटपटीने 1895 साली लंडनमध्ये नोंदली गेली होती. गाडी बार्शीची आणि भागभांडवल लंडनचं. वैरागला रूळ आले नाहीत, ते वेगळं. निवडणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. गोल्डमन सॅक्स 1869 साली निघाली, हे मात्र तो झोपेतही सांगतो.

त्याची खरी कमाई म्हणजे एक्सेलची शीट. ती मोबाइलमध्ये असते आणि एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाचा कप बाजूला सारून, दोन बोटांनी मोठी करून दाखवली जाते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हिरव्या रंगात, पॅरिसचं एचईसी पिवळ्यात. ऑक्सफर्डचं फायनान्शियल इकॉनॉमिक्स नऊ महिन्यांत आटोपतं, म्हणून त्याला चांदणी. अमेरिकेतल्या एमआयटीचा अभ्यासक्रम स्टेम गटात बसतो, त्यामुळे शिक्षण संपल्यावर एकूण तीन वर्षं काम करता येतं, म्हणून त्याला दोन चांदण्या. लंडन बिझनेस स्कूलची ओळ मात्र चुकलेली असते. तिथलं मास्टर्स इन फायनान्स नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी फायनान्शियल अॅनालिसिस नावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. हे कोणी दाखवून दिलं तर तो रात्री शीट दुरुस्त करतो आणि सकाळी नवी आवृत्ती व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना पाठवतो.

शीटच्या तळाशी, करड्या रंगात, चर्चगेटचं जमनालाल बजाज असतं. त्यापुढे शेरा, ‘बॅकअप’. मुंबई विद्यापीठाच्या या 1965 सालच्या संस्थेची फी परदेशाच्या मानाने किरकोळ आहे. मुंबईतल्या बँका तिथे स्वतःहून मुलं निवडायला येतात आणि सीईटीत राज्यातल्या अगदी वरच्या मुलांत आल्याशिवाय तिथे दार उघडत नाही. करड्या रंगातली ही जागा मिळवणं हिरव्या-पिवळ्यातल्या कित्येक जागांपेक्षा अवघड आहे, हे लक्षात यायला सीईटी द्यावी लागते. ती त्याने दिलेली नसते.

शीटमध्ये हवामानाचा रकाना असतो, इंटर्नशिपच्या तारखांचा नसतो. या धंद्यात कायमची नोकरी बहुतेक वेळा उन्हाळी इंटर्नशिपमधून मिळते आणि तिचे अर्ज जवळजवळ वर्षभर आधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. बऱ्याच बँका मुदतीची वाट न पाहता आले तसे अर्ज बघून जागा भरत जातात. एक वर्षाचं मास्टर्स सुरू होतं सप्टेंबरात. म्हणजे मुलगा लंडनला उतरून खोली आणि तवा शोधत असतो तेव्हा निम्मी भरती चालू झालेली असते. त्याचा बायोडाटा, मुलाखतीची तयारी आणि ओळखीपाळखी वैरागात असतानाच व्हायला हव्यात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधला उन्हाळा मिळतो, पण खर्चही दुप्पट होतो. निवड खरी इथे करायची असते. विद्यापीठाची इमारत किती जुनी आहे, याने बँकेला फरक पडत नाही. निवडणाऱ्याला पडतो.

घरात या विषयाचा वेगळाच अभ्यास चालतो. वडिलांचा पहिला प्रश्न फीचा, दुसरा तारणाचा. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही. घर लागतं, नाहीतर एनए प्लॉट. आयुष्यभर सात-बाराच्या जिवावर ताठ चाललेल्या माणसाला काउंटरवर हे ऐकावं लागतं. मग सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी होते. ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे असं कळलं, की इतर घरांत आपल्यासाठी कोणती योजना आहे, याचा शोध सुरू होतो. चुलत्याची शंका याहून सरळ असते. “आरं, पण एवढं शिकून क्लार्क का म्यानेजर? आन् ती बँक आपल्याला पीककर्ज देती का?” देत नाही म्हटल्यावर चुलता या विषयातून उठून जातो.

जूनमध्ये, मृगाच्या आगेमागे, फायनान्शियल टाइम्सची मास्टर्सची क्रमवारी येते आणि पसंती बदलते. पेरण्या होतात, उगवून येतं, निवड होत नाही. मध्यंतरी रिकामं दिसू नये म्हणून सीएफएच्या पहिल्या पातळीची पुस्तकं आणली जातात. त्यातलं नीतिमूल्यांचं प्रकरण वाचून झालेलं असतं. कोणी टोकलंच तर विक्रम पंडितांचं नाव पुढे येतं. नागपुरात जन्मलेला मराठी माणूस 2007 ते 2012 सिटीग्रुपचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता, ही गोष्ट खरी. पण पंडितांनी कोलंबियात आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स केलं, फायनान्समधली डॉक्टरेट नंतरची. हे कळल्यावर शीटमध्ये इंजिनिअरिंगचा रकाना वाढतो.

काही जण खरोखर जातात. त्यातल्या थोड्यांना लंडनमध्ये नोकरी लागते, ते आठवड्याला ऐंशी तास काम करतात आणि गावी फोन करायला त्यांना वेळ उरत नाही. बरेच जण पुण्यात खराडीला, परदेशी बँकेच्या ऑफिसात व्यवहारांच्या नोंदी जुळवायला लागतात. पगार वेळेवर होतो, न्यायला-आणायला कॅब असते आणि काम लंडनच्या घड्याळावर चालतं. कंपन्यांची खरेदी-विक्री करणारे आणि नोंदी जुळवणारे यांत वैराग भेद करत नाही. दोघांच्याही लग्नाच्या बायोडाटावर ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत’ असंच छापलेलं असतं. मुलीकडची मंडळी ती ओळ वाचतात, पॅकेज विचारतात, मास्टर्स कुठलं ते विचारत नाहीत आणि थेट शेवटच्या प्रश्नावर येतात. शेती किती? तिथे सात-बारा चालतो.