सगळे दिवे हिरवे

पाणी गेलं की माणूस गच्चीवरची टाकी बघतो. वीज गेली की समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते बघतो, आणि तिथेही अंधार असला की निवांत होतो. नेट गेलं की मात्र तो थेट घरातल्या माणसांकडे बघतो. ‘काय डाउनलोडला लावलंयस?’ हे मुलाला, ‘राउटर ओल्या फडक्याने पुसलास का?’ हे बायकोला, आणि या दोन्ही चौकश्यांतून काही निष्पन्न झालं नाही, की वायर मावशींनी झाडताना ओढली असणार यावर घराचं एकमत होतं. मावशी त्या दिवशी सुट्टीवर असल्या तरी होतं.

नेट पूर्ण गेलं तर एक वेळ परवडतं. फायबर तुटली की राउटरवरचा लॉसचा दिवा लाल होतो, गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ताजा खणलेला खड्डा सापडतो आणि शिव्या कुणाला घालायच्या ते ठरतं. क्रोममध्ये तो उड्या मारणारा डायनासोर येतो, त्यामुळे लहान मुलांचीही सोय होते. खरा छळ होतो तो नेट असूनही नसतं तेव्हा. वायफायच्या रेघा भरलेल्या, राउटरचे सगळे दिवे हिरवेगार, आणि बँकेची साइट उघडावी तर डायनासोरसुद्धा येत नाही. कोपरा दुमडलेल्या कागदावर एक रडवेला चेहरा येतो आणि खाली लिहिलेलं असतं, की सर्व्हरचा पत्ता सापडला नाही.

हे दुखणं डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं. इंटरनेटवरच्या यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण बँकेचं नाव टाइप केलं की ती कुठल्या आकड्यावर राहते हे आधी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि घरात हे काम बहुधा राउटरकडे असतं. गेटवरचा वॉचमन ‘डॉक्टर ना? बी विंग, चारशे दोन’ असं सांगतो, तसं. त्याला डुलकी लागली तर लिफ्ट चालू, जिन्यात दिवे, डॉक्टर घरात आणि पेशंट गेटबाहेर कण्हत उभा.

एवढ्यावर भागलं असतं तर हा विषय तांत्रिक राहिला असता. तो कौटुंबिक होतो, कारण हे दुखणं घरातल्या सगळ्यांना एकदम होत नाही. प्रत्येक फोन आणि लॅपटॉप एकदा कळलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो. कुठला पत्ता मिनिटभर, कुठला तासभर. किती ते त्या साइटवाल्यांनी ठरवलेलं असतं. शिवाय जे आधीच जोडलं गेलंय त्याला पत्ता पुन्हा विचारावाच लागत नाही. त्यामुळे मुलाचा गेम धो धो चालू असतो आणि त्याच्या आईला गॅसचा नंबर लावता येत नाही. आजोबांचं कीर्तन पूर्वरंगापासून उत्तररंगापर्यंत बिनघोर चालतं, आणि त्यांना वाटतं आपल्या पुण्याईने चालतंय. यातून घरात जो निष्कर्ष निघतो तो तर्काला धरूनच असतो: सगळं नेट पोरगं खातंय. त्याचा गेम सक्तीने बंद केला जातो. गॅसची साइट तरीही उघडत नाही, आणि गेमही पुन्हा सुरू होत नाही. ‘बघ, आता तुझंही गेलं,’ असं म्हणताना त्याच्या आईच्या चेहऱ्यावर न्याय झाल्याचं समाधान असतं.

मग कंपनीला फोन. कुठल्या कंपनीला ते सांगत नाही. आधी बासरी ऐकावी लागते. मग पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते,

‘सर, राउटरचे लाइट कुठल्या रंगाचे आहेत?’

‘हिरवे.’

‘म्हणजे नेट चालू आहे, सर.’

‘चालत नाहीये.’

‘आमच्याकडून चालू दाखवतंय, सर.’

इथे न्याय, सांख्य आणि वेदान्त तिन्ही दर्शनं हात टेकतात. अखेर ती मुलगी माणूस पाठवते. हा मुलगा मात्र कामसू असतो. आल्या आल्या पिवळी वायर काढून मीटरला लावतो आणि म्हणतो, ‘मायनस एकोणीस, काका. कडक पॉवर आहे.’ फायबरमधून येणाऱ्या उजेडाचं हे माप. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की रडारड सुरू होते. एकोणीस म्हणजे तब्येत ठणठणीत. त्यानंतर तो स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावतो. काटा भर्रकन टोकाला जातो. ‘बघा!’ बघितल्यावर दिसतं, की फोनच्या माथ्यावर फाइव्ह जी लिहिलंय आणि ही परीक्षा त्याच्या स्वतःच्या सिमने दिली आहे. ते दाखवून दिलं की तो मान खाजवतो आणि म्हणतो, ‘मग काका, राउटरच बदलायला लागेल.’

वास्तविक या निदानाला मीटर लागत नाही. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, पिंग लिहायचं आणि पुढे ८.८.८.८. हा गूगलने २००९ साली लोकांना खुल्या करून दिलेल्या डीएनएसचा आकडा. तिकडून उत्तरं टपाटप आली म्हणजे रस्ता धड आहे. मग त्याच पिंगपुढे एखाद्या साइटचं नाव लिहायचं. असा होस्ट सापडत नाही, असं आलं की खटला निकाली: रस्ता आहे, पत्ता सांगणारा गप्प आहे. तरी खात्री हवी असेल तर एनएसलुकअप हा हुकूम देऊन राउटरला, म्हणजे पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ ला, नाव विचारायचं. तो काही सेकंद थांबवतो आणि टाइमआउट सांगतो. तेच नाव १.१.१.१ या दुसऱ्या खुल्या डीएनएसला विचारलं की उत्तर हजर. बरेचदा बिचाऱ्या राउटरचाही दोष नसतो. तो कंपनीच्या सर्व्हरला विचारून सांगत असतो. कंपनी सर्व्हर देते दोन, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. पण दोघे राहतात शेजारी शेजारी, त्यामुळे पडतात ते जोडीने.

हे भोग आपल्याच नशिबी आहेत असं कुणी मानू नये. १९७०च्या दशकात अख्ख्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची माणसं सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसा हा कारभार आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली: सगळं कुणालाच माहीत असायला नको, पुढे कुणाला विचारायचं तेवढं प्रत्येकाला माहीत असावं. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ही पद्धत त्याआधीपासून रूढ होती. फरक इतकाच, की मोकापेट्रिस यांच्या पद्धतीत शेवटी उत्तर मिळतं.

आणि मिळालं नाही तर काय होतं, ते ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभरात एकदम बंद पडलं. देखभालीच्या एका आदेशाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं होतं, आणि डेटा सेंटर दिसेनाशी झाल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्याकडे येणाऱ्या वाटा स्वतःहून बंद करून घेतल्या. पत्ता विचारायचा तरी कुणाला? सगळं पूर्वपदावर यायला सुमारे सहा तास लागले. जगातले जाणकार कपाळाला हात लावून बसले होते त्या वेळी आमच्या सोसायटीत घरोघरी लोक राउटर बंद करून चालू करत होते.

या बंद-चालूच्या उपचाराला कमी लेखायची मात्र सोय नाही. परवा आमच्याकडे डीएनएसचं हे दुखणं उपटलं तेव्हा मी राउटरच्या पानावर शिरलो. शिरायला पासवर्ड लागतो. तो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, आणि राउटर पोट भिंतीकडे करून स्क्रूने ठोकलेला असतो. तो उतरवला, बॅटरी धरून अक्षरं लावली आणि डीएचसीपी नावाच्या खणात कंपनीचे आकडे पुसून पहिला १.१.१.१ आणि दुसरा ८.८.८.८ असा भरला. आता घरातल्या फोनांनी वायफाय सोडून पुन्हा धरलं, की नवे आकडे त्यांना मिळणार होते. मी सेव्हचं बटण दाबून मागे टेकतोय तोच शेजारचे काका आत आले, ‘अहो, कशाला एवढा खटाटोप,’ म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं. राउटर उठला, सगळे फोन नव्याने जोडले गेले आणि गॅसचा नंबर लागला. ‘काका, तुम्ही होतात म्हणून!’ असं म्हणत आमच्या घरातून त्यांना आलं घातलेला चहा मिळाला. मुलाने त्यांचा मोबाइल नंबरही ‘काका नेटवाले’ म्हणून सेव्ह करून घेतला.

तेव्हा वाचकहो, श्रेयाची आशा सोडून दोनच कामं करून ठेवा. एक, डीएनएसचे दोन आकडे दोन वेगवेगळ्या मालकांचे घ्या, आणि ते राउटरच्या पासवर्डासकट एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन, राउटरच्या पाठीवर रीसेट लिहिलेलं एक बारीक भोक असतं. टाचणी घेऊन त्याच्या रोखाने निघालेल्या माणसाला, मग तो सख्खा मेहुणा का असेना, वाटेतच अडवा. ते भोक दाबून धरलं की तुम्ही भरलेलं सगळं जातं, आणि बऱ्याच राउटरांत कंपनीचं युजरनेम-पासवर्डही त्याबरोबर पुसलं जातं. ते परत फक्त कंपनीकडून मिळतं, आणि ते द्यायला जो मुलगा येतो तो रविवारी येत नाही.