तार डुक्कर ओळखत नाही

भात पसवलं, भुईमूग भरला की रानडुकरांचा कळप रात्रीतून शेतात उतरतो. खातो थोडं, उकरतो आणि तुडवतो जास्त. सकाळी शेतकऱ्याच्या हाती पीक नसतं, पंचनाम्याचा अर्ज असतो.

कायदा मारू नका म्हणतो का? सरसकट नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं 11वं कलम उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुकराच्या शिकारीला परवानगी देतं. महाराष्ट्रात 2015 च्या शासन निर्णयाने ही परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणली. वाट तर मोकळी आहे.

पण मारायचं कशानं?

कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची, नाहीतर एकनळी बंदूक. अंधारात पळत्या डुकरावर तिचा बार काढला तर बहुधा ते मरत नाही, जखमी होऊन जाळीत शिरतं. दुसऱ्या दिवशी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर धावून येतं ते हेच जनावर.

निवडणूक लागली की तीही बंदूक बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा. आचारसंहिता संपेपर्यंत पीक कुणी राखायचं?

मग लोक फासकी लावतात, कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात, कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. विदर्भात अशा तारांनी वाघ मारले. कोकणात फासकीत बिबटे अडकले. रात्री राखणीला निघालेली माणसं अशाच वीज सोडलेल्या तारेला चिकटून गेली.

तार डुक्कर ओळखत नाही. रायफल धरलेला शिकलेला माणूस ओळखतो.

शिकलेला, हे महत्त्वाचं. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरही जाते. म्हणून मचाणावरून, खालच्या दिशेने, मागे मातीचा आडोसा बघूनच ती झाडायची. कुणाच्याही हाती रायफल द्या, असं मी म्हणत नाही. पण फासकीत रात्रभर तडफडण्यापेक्षा नेमकी एक गोळी दयाळू आहे, हे प्राणिमित्रांनी मान्य करायला हवं.

बिहार आणि उत्तराखंडात केंद्राने 2015-16 मध्ये ठरावीक भागापुरतं, ठरावीक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी जाहीर केलं. मला ते पटत नाही. परवानगीच लागेनाशी झाली की किती मारली आणि कशी मारली, याचा हिशेब कोण ठेवणार?

केरळने 2022 मध्ये गोळीचा निर्णय पंचायत अध्यक्षांकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांना या कामाला लावलं. निर्णय गावात, नेम जाणकाराचा. आपल्याला हे का जमू नये?

नुसत्या गोळीने डुकरं संपणार नाहीत. मादी एका वेतात चार-सहा पिल्लं देते आणि लपायला ऊस आहेच. राखण, कुंपण, वेळेवर भरपाई हेही लागेल.

पण वन विभागाने निदान प्रत्येक तालुक्यासाठी प्रशिक्षित नेमबाज नेमावेत आणि त्यांची यादी फोन नंबरांसह ग्रामपंचायतीत लावावी. पेरणीच्या आधी.