चौकशीचे दाजी

दाजी पायरीवर दिसले की इस्लामपूरच्या गांधी चौकाजवळचा कॉम्प्युटरवाला आधी चहा सांगतो आणि मग हातातलं काम बाजूला ठेवतो. चहा सांगावाच लागतो. दाजींची बायको त्याच्याच गल्लीतली, लांबच्या नात्यानं बहीण. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते, म्हणून हे सगळ्या गल्लीचे दाजी. गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणता येतं. दाजीला म्हटलं तर ते संध्याकाळपर्यंत आक्काच्या कानावर जातं आणि दिवाळीला ओवाळताना कुंकू जरा जोरात लागतं.

दाजी एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. चाळीस वर्षांच्या माणसाला वीस वर्षांची वसुली लागली की ती हाडात मुरते. वसुलीवाला कुठं एकदाच जात नाही, परत परत जातो. कुणी गोड बोललं की त्याचा संशय वाढतो, आणि समोरच्यानं काहीही कबूल केलं तरी तो विचारतो, "जामीनदार कोन?" दाजी हे मिक्सर घेतानाही विचारतात.

अशा माणसाच्या डोक्यात गेल्या पावसाळ्यात कीबोर्ड शिरला. साधा नव्हे. बिनवायरचा हवा, बटणांच्या खालून उजेड हवा आणि लॅपटॉप, मोबाईल, टीव्ही अशा तिन्हींना तोच चालला पाहिजे. लॅपटॉपवर थकबाकीदारांच्या नोटिसा, सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या दाखल्यासाठी लागणारे कागद. मोबाईलवर थकबाकीदारांच्या सबबींना उत्तरं. आणि टीव्हीवर म्हातारीला कीर्तन लावून द्यायचं, तर रिमोटनं एकेक अक्षर शोधेपर्यंत बुवांचा पूर्वरंग संपतो. मागणी तशी वाजवी होती. उजेडाचं कारण आक्का. दहाच्या ठोक्याला ती ट्यूबलाईट बंद करते, आणि दाजींना नोटिशीची भाषा सुचते ती साडेदहानंतर.

कॉम्प्युटरवाल्यानं पहिल्याच दिवशी वर्मावर बोट ठेवलं. "पर दाजी, तुमी तर न बगता टाइप करताय. मग उजेड कशापायी?"

हे खरं होतं. दाजींची बोटं गोदरेजच्या मशीनवर घडलेली. 1955 मध्ये गोदरेजनं भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला. पुढं ही मशीनं आपल्या शिरवळच्या कारखान्यात तयार होत, आणि 2009 मध्ये ते उत्पादन थांबलं. टाइपरायटरवरची सरकारी परीक्षासुद्धा 2017 च्या ऑगस्टात शेवटची झाली. दाजी त्याच्या बरेच आधीचे, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, दोन्ही पहिल्या झटक्यात पास. त्यांच्या क्लासचे सर बटणांवर फडकं टाकून टाइप करायला लावत. ज्याला अंधारात 'क्ष' सापडतो त्याला बटणाखाली दिवा लावून काय मिळणार?

दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "मला न्हाई लागत उजेड. पर उजेडाचा घेतलाय हे बगनाऱ्याला दिसाय नको?"

इथून पुढं चौकशी रीतसर सुरू झाली.

पहिला नंबर लॉजिटेकच्या एमएक्स कीजचा. तीन यंत्रांसाठी तीन बटणं, हात जवळ नेला की आपोआप उजळणारा दिवा, सगळं दाजींच्या मनासारखं. किंमत मात्र पाच आकडी. दाजी किंमत रुपयांत धरत नाहीत, उसात धरतात. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं उसाची एफआरपी टनाला 3550 रुपये ठरवली होती, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. त्यांनी पाकिटावर आकडेमोड केली. "म्हंजे तीन-चार टन ऊस घालायचा. आनि ह्येचं वजन किती म्हनला?"

"आठशे दहा ग्रॅम."

"बगा. टनाला शंभर किलोच्या वर साखर पडती. ह्येचा उतारा किती पडला?"

दुकानदाराला उत्तर सुचलं नाही. साखराळ्याच्या कारखान्यातल्या केमिस्टलासुद्धा सुचलं नसतं.

शिवाय बॅटरी. कंपनीच म्हणते की दिवा चालू ठेवला तर एका चार्जिंगवर दहा दिवस, बंद ठेवला तर पाच महिने. दाजींनी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. दहा दिवस कुठं आणि पाच महिने कुठं! बिनवायरच्या कीबोर्डात सगळी बॅटरी दिवाच खातो, बटणं दाबायला वीज अशी लागतेच किती. त्याच कंपनीचा के 380 आहे, तोही तीन यंत्रांना चालतो, दोन बारक्या सेलवर दोन वर्षं जातो म्हणतात, कारण त्यात दिवाच नाही. म्हणजे दिवा हवा तर वायर लावून चार्ज करत बसा आणि वायर नको तर अंधारात बसा. ज्या तालुक्यात माणूस रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला बॅटरी घेऊन रानात जातो, तिथल्या जावयाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. "उजेड पायजे तर वायर सोडायची न्हाई," दाजी म्हणाले. "म्हावितरन काय आनि ही कंपनी काय, येकाच मुशीतलं."

त्या दिवशी ते फार खुशीत घरी गेले. अशी चौकशी करणारे लोक कंजूष असतात असा समज आहे, तो चुकीचा. कंजूष माणूस दुकानात जातच नाही. दाजींसारख्याला वस्तूत खोट सापडली की उसाचं बिल जमा झाल्यासारखा चेहरा होतो. प्रत्येक नाकारलेली वस्तू ही त्यांच्या लेखी कमाई असते, आणि अशा कमाईवर त्यांनी इस्लामपुरात दोन मोटारसायकली, एक वॉशिंग मशीन आणि पेठ नाक्याजवळचा एक प्लॉट वाचवलेला आहे.

मग दुकानदारानं कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याहून दोन दिवसांपुरता कीक्रॉन कंपनीचा एक कीबोर्ड आणला. यात बटणाखाली खरोखरची स्प्रिंग, खाली दिवा, तीन यंत्रं आणि बॅटरीही दांडगी. दाजींनी त्यावर बोटं ठेवली आणि काय आश्चर्य, डोळे मिटले. खाडखाड आवाज दुकानभर घुमला. दोन ओळी झाल्यावर त्यांचा डावा हात सवयीनं वर गेला, गाडी सरकवायचा दांडा धरायला, आणि हवेतच राहिला. "मशीनगत वाजतंय की वो!" ते म्हणाले. आवाज इतका कातर होता की दुकानदारानं बिलबुक काढलं. पण रात्री दाजींनी तो घरी नेऊन लावला. साडेदहाला पहिली ओळ झाली आणि आतून आक्का म्हणाली, "आवं, त्यापेक्षा ट्यूब लावा. निदान आवाज तरी करत न्हाई ती."

कीबोर्ड पुण्याला परत गेला. पोस्टेज दुकानदारानं भरलं.

तिसऱ्या टप्प्यात देवनागरी निघाली. "ह्येच्यावर 'ज्ञ' कुटं हाय?" उजेडाच्या कीबोर्डावर अक्षर शाईनं छापलेलं नसतं. बटणाला काळा रंग देऊन त्यातून अक्षराएवढाच भाग मोकळा ठेवतात आणि तिथून उजेड वर येतो. आपल्याकडं येणारी ही बटणं इंग्रजीतच उजळतात. मराठीसाठी वर स्टिकर लावायचे, आणि स्टिकर लावला की उजेड बंद. एवढी देखणी अडचण दाजींना आयुष्यात मिळाली नव्हती. ती त्यांनी एसटी स्टँडपासून यल्लम्मा चौकापर्यंत भेटेल त्याला सांगितली.

दाजींची लेक राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. तिनं बापाला शांतपणे समजावलं, "पप्पा, कीबोर्डला मराठी येत नाही आणि इंग्रजीपण येत नाही. कुठलं बटण दाबलं एवढंच तो सांगतो. अक्षर कुठलं उमटवायचं ते पलीकडचं यंत्र ठरवतं." लॅपटॉपवर दाजींची जुनी रेमिंग्टनची मांडणी बसवलेली. मोबाईलवर मराठी लावायला गेलं तर इनस्क्रिप्ट, 1986 मध्ये सरकारनं सगळ्या भारतीय भाषांसाठी ठरवलेली, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. टीव्हीला इंग्रजीशिवाय काही कळत नाही. म्हणजे तेच बोट, तेच बटण, आणि तीन ठिकाणी तीन अक्षरं.

दाजी विचारात पडले. थकबाकीदारही असंच करतात: पतसंस्थेत एक सांगतात, घरी दुसरं आणि कोर्टात तिसरं. त्यांना कीबोर्डबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"बरं, आनि ह्ये ब्लूटूथ म्हंजे?"

लेकीनं सांगितलं की डेन्मार्कचा हॅरल्ड नावाचा राजा होता, त्याचं हे टोपणनाव. खुणेचं चिन्हही त्याच्याच नावाच्या जुन्या अक्षरांचं.

"कदीचा राजा?"

"दहाव्या शतकातला."

"मग कागदपत्रं घावायची न्हाईत," म्हणून दाजींनी तो विषय मिटवला.

खरी ठिणगी पडली ती बटणांच्या नंबरावरून. कीबोर्डवर एक, दोन, तीन अशी बटणं असतात. दाबलं की त्या नंबराच्या यंत्राशी जोड. अजून कीबोर्ड घरात आलेला नव्हता, पण एक नंबर कुणाचा यावर जेवताना बोलणं सुरू झालं. दाजींच्या मते एक नंबर लॅपटॉपचा, कारण त्यावर घर चालतं. म्हातारी म्हणाली, घरात देवाचं पहिलं, तर कीर्तनाला एक नंबर द्या. आक्का भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माझ्या मोबाईलला कुटला?" दाजींना हा प्रश्नच समजला नाही. तिचा मोबाईल त्यांच्या तीन यंत्रांत धरलेलाच नव्हता. त्या रात्री भाकरी जरा जाड झाल्या, असं लेक सांगते.

आक्का बचत गटाची सचिव आहे. सभेचा वृत्तांत, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं ती ग्रुपवर एका बोटानं लिहिते, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. हे दाजींना ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्याला टायपिंग समजत नव्हते.

दिवाळी आली. दुकानदार भाऊबीजेला आला, पाटावर बसला, आक्कानं ओवाळलं, आणि त्यानं ताटात पाकीट न टाकता एक खोकं ठेवलं. आत साध्या कंपनीचा, हलका, बिनआवाजाचा, उजेडाचा कीबोर्ड. दुकानात कधीपासून पडून होता. दाजींनी तो चौकशीत कधीच घेतला नव्हता, कारण एवढ्या स्वस्तात खोट शोधायला मजा येत नाही.

ओवाळणी परत करता येत नाही. तिला जामीनदार मागता येत नाही. आणि मुख्य म्हणजे ती दाजींची नव्हतीच. एक नंबरला आक्काचा मोबाईल जोडला गेला, दोनला टीव्ही, आणि तीनला, आक्काच्या परवानगीनं, लॅपटॉप. रात्री ट्यूब बंद करून ती उजळलेली इंग्रजी अक्षरं बघत बघत वृत्तांत लिहू लागली. उजेडाची गरज या घरात कुणाला होती ते तेव्हा कळलं.

मार्गशीर्षातल्या एका रात्री दाजींनी थकबाकीदाराची नोटीस लिहायला घेतली. तीन नंबर दाबायचा राहिला. लॅपटॉपवर अक्षर उमटत नाही हे त्यांना दिसलं नाही, कारण दाजी टाइप करताना पडद्याकडेही बघत नाहीत, कागदाकडे बघतात. क्लासच्या सरांची शिकवण. परिच्छेद संपला की एन्टर, परिच्छेद संपला की एन्टर. आक्काच्या मोबाईलवर बचत गटाचा ग्रुप उघडा होता, एन्टरला मेसेज जाईल अशी सोय केलेली होती, आणि रेमिंग्टनची बोटं इंग्रजी अक्षरांवर पडत होती. कलम 101 ची सबंध नोटीस, थकीत मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि जप्तीच्या इशाऱ्यासकट, कुठल्याच भाषेत नसलेल्या अक्षरांत, मध्ये मध्ये अर्धविराम पेरून, रात्री पावणेबारा वाजता चाळीस बायकांना पोचली.

सकाळी आक्काचा मोबाईल खाली ठेवता येईना. एकीला वाटलं ग्रुप हॅक झाला, तिनं बँकेत फोन केला. बाकीच्या गुरुवारच्या महालक्ष्मीच्या तयारीत होत्या. एवढ्या रात्री आलंय, वाचता येत नाही आणि आक्कानं पाठवलंय, म्हणजे बीजमंत्रच असणार असं धरून त्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. कुणीतरी तो पुढं अकरा जणींना पाठवला. दोन दिवसांनी दाजी वसुलीला गेले, तर ज्याची नोटीस होती त्याच्याच देव्हाऱ्यावर तो चिठ्ठीवर उतरवून चिकटवलेला होता. थकबाकीदाराची बायको म्हणाली, "लई पावरफुल हाय म्हन्त्यात." दाजींनी अर्धविराम ओळखले. तरी पोहोच झाली, असा शेरा त्यांनी मारला नाही. कायदा आड येतो.

सध्या त्यांच्या डोक्यात इन्व्हर्टर आहे. परवा ते दुकानाच्या पायरीवर चढत होते, तोवर कॉम्प्युटरवाल्यानं आतूनच हाक दिली, "या दाजी, चहा घ्या. पर भाऊबीज आजून लांब हाय."