ताडपत्रीमीमांसा

आधी व्याख्या. ताडपत्रीचा ताडाच्या पानाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजाच्या जहाजावर डांबर फासलेलं जाड कापड असे, त्याला तो टारपॉलिन म्हणे. आपल्या लोकांनी ते ऐकलं, तोंडात घोळवलं आणि पोथीच्या पानाशी त्याचं नातं लावून दिलं. नाव पोथीचं मिळालं, पण नशिबी आले कांदे, खत, सिमेंट आणि वारकरी.

प्रस्तुत लेखापुरती ताडपत्री म्हणजे दिंडीच्या ट्रकची पडवी. ट्रकच्या फाळक्यावरच्या कड्यांना एक कड बांधायची, दुसरी कड बांबूंवर तोलायची, दोऱ्या खुंट्यांना ताणायच्या, की मुक्कामापुरतं घर तयार. हाच ट्रक हंगामात ऊस वाहतो, त्यामुळे घराला बारा महिने मळीचा वास असतो. वीस बाय तीसची पडवी असेल तर सहाशे चौरस फूट होतात. त्यात चाळीस माणसं म्हणजे माणशी पंधरा फूट. उताणं झोपलं तर मावतं, कुशीवर वळायचं असेल तर शेजाऱ्याला विचारावं लागतं.

लेखकाचा अधिकार असा : तुकोबांच्या पालखीबरोबर आमच्या गावची एक लहानशी दिंडी असते. तिचं ताडपत्रीखातं तीस वर्षं माझ्या मामांकडं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते चालायचे थांबले, ट्रकमध्ये बसून येऊ लागले आणि खातं माझ्याकडं आलं. खातं माझ्याकडं आलं खरं, पण मामा खात्यातून गेले नाहीत.

नियम पहिला : ताडपत्री चैत्र-वैशाखात घ्यावी. ऊन मी म्हणत असतं, गुऱ्हाळापलीकडं कुणाला काही सुचत नसतं आणि पाऊस हा विषय कुणाच्या डोक्यात नसतो. ज्याच्या गोठ्यात जुनी ताडपत्री पडली आहे त्याला ती अडगळ वाटते, आणि अडगळीचा भाव वेगळा असतो. ज्येष्ठ लागला की कांदा झाकणारे, वीटभट्टीवाले, घर गळणारे सगळे एकदम जागे होतात आणि तीच अडगळ माल होते. अधिक महिन्यावरही नजर ठेवावी. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. लवकरच्या वारीत आमच्या भागात पाऊस नसतो, नुसतं वारं असतं. उशिराच्या वारीत दोन्ही असतात. तेव्हा पंचांग बघितल्याशिवाय कापड बघू नये. हा नियम मी स्वतः एकदाही पाळलेला नाही, कारण भिशीचे पैसे जमतात ज्येष्ठात, पालखी देहूतून निघायला आठ दिवस उरले की.

नियम दुसरा : ओळखीच्या माणसाकडून घेऊ नये. ओळखीचा माणूस ताडपत्री देत नाही, उपकार देतो आणि भोक निघालं तर बोलायची सोय राहत नाही. त्यापेक्षा पुण्याचा जुना बाजार बरा. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. आमच्या इंदापुरातून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो आणि तिकिटात वाचवलेले पैसे निम्मे जातात, असा कुणी हिशेब मांडेल. पण तो मामांना लागू नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे. तेव्हापासून मामांची घासाघीस करण्याची ताकद अमर्याद झाली आहे. भाव पटला नाही तर ते "बरं, रविवारी येतो" म्हणतात आणि खरंच येतात. विक्रेता पहिल्या खेपेला हसतो, दुसऱ्या खेपेला चहा पाजतो, तिसऱ्या खेपेला देऊन टाकतो. माझं तिकीट मात्र तिन्ही खेपांना पूर्ण लागतं.

माप. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण फसवणूक सगळी मापात असते. वीस बाय तीस म्हणून सांगितलेली ताडपत्री ही शिवण्याआधीची वीस बाय तीस असते. कडा दुमडून, दोरी घालून, कड्या ठोकून झाल्या की ती दोन्ही बाजूंनी कमी भरते, आणि कॅनव्हासची असेल तर दोन पावसाळ्यांत आणखी आटते. म्हणून टेप घेऊन जावं आणि कड्यापासून कड्यापर्यंत मोजावं. इंग्लंडात माझा मावसभाऊ आहे. तिकडं लोक चाकांवरचं घर गाडीमागं ओढत सुट्टीला जातात आणि त्याच्या बगलेला कापडी पडवी लावतात. जुनी पडवी घ्यायची तर माप कसं घेतात म्हणून विचारलं, तर म्हणाला, जमिनीपासून सुरू करायचं, बाजूनं वर, छपराच्या कडेनं पलीकडं आणि परत जमिनीपर्यंत, दोरी न तोडता. हे मी मोठ्या ऐटीत मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मग आपण काय आभाळातनं मोजतो काय?" आणि खिशातली सुतळी काढून दाखवली. तिला ट्रकच्या कडीपासून खुंटीपर्यंतच्या मापाची गाठ होती. मारून किती वर्षं झाली ते त्यांनाच आठवत नव्हतं.

मापाइतकंच वजन महत्त्वाचं. निळी, पिवळी, चंदेरी जी प्लास्टिकची ताडपत्री मिळते तिला दुकानदार जीएसएम सांगतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. दोनशे म्हणतो, अडीचशे म्हणतो, तोंडाला येईल ते म्हणतो. आपण वाद घालू नये. वीस बाय तीस फुटांचे जवळपास छप्पन्न चौरस मीटर होतात, म्हणजे दोनशे जीएसएमची ताडपत्री अकरा किलोच्या पुढं भरली पाहिजे. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकावी. आठ किलो भरली तर दोनशेची नाही, एकशे चाळीसची आहे, हे काटा सांगतो. त्यात ज्ञानी दिसण्याचं श्रेयही फुकट पदरात पडतं.

प्लास्टिकची असेल तर कोपरा दुमडून घडीवर नख ओढावं. पांढरी भुकटी निघाली किंवा पापडासारखा आवाज आला, तर उन्हानं तिचा जीव गेला आहे. तिला ठिगळही लागत नाही. पंक्चरवाल्याचं सोल्युशन तिच्यावर धरत नाही, आठ दिवसांत सुटतं. कॅनव्हासची मात्र कितीही दुखणी बरी होतात. दाभण, सुतळी, जुन्या कापडाचा तुकडा, वरून मेणबत्तीचं मेण घासून हलकी इस्त्री. आमच्या जुन्या कॅनव्हासला सदतीस ठिगळं आहेत. एक छत्रीचं आहे, एक मामीच्या पिशवीचं, एक शाळेच्या दप्तराचं. ते दप्तर माझं होतं. मला विचारलेलं नव्हतं.

आता मुख्य परीक्षा, जिच्यासाठी मामा पंचक्रोशीत ओळखले जातात. ताडपत्री अंगावर पांघरून उन्हाकडं बघावे, असे शास्त्र आहे. मामा ते असं करतात : भर बाजारात, दुपारी बाराला, ताडपत्री जमिनीवर पसरायला लावतात, टोपी माझ्या हातात देतात आणि खाली शिरतात. मग त्या कापडाच्या ढिगात एक उंचवटा इकडून तिकडं रांगत जातो आणि आतून आकडे ऐकू येतात. "सात... आठ... ही दोन मिळून एक धर... अकरा." भोकांतून येणारं ऊन ते चांदण्यांसारखं मोजत असतात. येणारेजाणारे थांबतात. विक्रेता माझ्याकडं बघतो, मी मामांच्या टोपीकडं बघतो. पाच मिनिटांनी ते घामानं निथळत बाहेर येतात, टोपी घालतात आणि गंभीरपणे निकाल देतात : "चांदण्या एकवीस. पण शिवणीवर एकबी नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून विक्रेत्याच्या चेहऱ्यावर आदर उमटताना मी पाहिला आहे, कारण खरी गोम तीच आहे. कापडातलं भोक बुजतं. शिवण उसवलेली असेल तर पाणी कुठून येतं ते रात्रभर सापडत नाही.

वास. सिमेंटचा असेल तर चालेल. खताचा असेल तर नको, डोळे चुरचुरतात. गुळाचा असेल तर भाव कमी करून मागावा आणि मुंग्यांची तयारी ठेवावी. कुबट वास म्हणजे ओली घडी घातली होती. ती कितीही स्वस्त असली तरी मागं फिरावं.

कड्या ओढून बघाव्या. चारही कोपऱ्यांच्या, आणि जोर लावून. विक्रेता रागावला तर रागावू द्यावा. ही गोष्ट मी तीन वर्षांपूर्वी केली नाही. त्याचा वृत्तांत देणं भाग आहे.

खातं नवीन होतं, अंगात रग होती. मामांना न सांगता एका दुकानातून मी निळी ताडपत्री आणली. वीस बाय तीस, दोनशे जीएसएम, एकदाच वापरलेली, असं दुकानदार म्हणाला. मी वजन केलं नाही, कारण घाई होती, आणि खरं सांगायचं तर मामांसारखं रांगायची लाज वाटली. काटेवाडीपर्यंत ती झकास दिसली. काटेवाडीला परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. मामा ट्रकमधून उतरून त्या धोतरांचा पोत बघत होते. माझ्या निळ्या ताडपत्रीचाही कोपरा त्यांनी चिमटीत धरला, सोडला आणि काही बोलले नाहीत. मी ते कौतुक समजलो. बेलवाडीच्या गोल रिंगणात सगळे अश्वाकडं बघत होते, मामा पश्चिमेच्या ढगांकडं.

सराटीच्या मुक्कामी रात्री वारं सुटलं. नीरेकाठचं ते वारं ज्यानं ऐकलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. आधी ताडपत्री फुगली, मग फडफडली, मग चार कोपऱ्यांच्या कड्या एकामागोमाग बंदुकीसारख्या वाजल्या. कड्या आणि दोऱ्या जागच्या जागी राहिल्या, कापड तेवढं नदीकडं गेलं. पलीकडं सोलापूर जिल्हा. तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या ताडपत्रीनं आदल्या रात्रीच उरकून घेतलं.

मामा ट्रकच्या हौद्यात चढले. सामानाच्या तळातून, तांदळाच्या पोत्यांखालून, त्यांनी जुनी कॅनव्हासची काढली. अठरा बाय चोवीस. एका कोपऱ्यात तैलरंगानं 'राम कृष्ण हरी' आणि खाली '१९९४'. ती त्या वर्षी घ्यायची नाही असं बैठकीत ठरलं होतं, जड होते म्हणून. त्यांनी घेतली होती. बॅटरीच्या उजेडात बांधणं सुरू झालं आणि मामा मला सूचना देत राहिले, त्या इथं जशाच्या तशा नोंदवतो. शिवणी उताराच्या दिशेनं ठेव, आडव्या ठेवल्या तर पाणी शिवणीवर बसतं. ट्रककडची कड एवढी उंच घे की मधे पोट सुटायला नको. पोटात पाणी साठलं की बांबू जातो. आणि सुती दोरी असेल तर पाऊस यायच्या आधी जरा ढिली कर, भिजली की ती आखडते आणि कड्या उपटते. नायलॉनची भिजली की सैल पडते, तिला पावसात उठून ताण द्यावा लागतो. "आरं, दोरी कुठली हाय ते झोपायच्या आधी बघत जा लेका. रातच्याला काय दिसतंय?"

चारशे बत्तीस चौरस फुटांत चाळीस माणसं. त्या रात्री कूस हा शब्दच रद्द झाला. मामा बाहेरच्या कडेला, बांबूपाशी पडले. तिथं पागोळी सरळ अंगावर येते. मी म्हटलं, मामा, तुम्ही आत या, गुडघे धरतील. ते म्हणाले, "ताडपत्री ज्याची त्यानं कडंला झोपायचं असतं. गळाया लागली तर पहिलं त्यालाच कळाया पायजे." तीस वर्षं ते कडेलाच झोपले होते, आणि हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. मी नेहमी मधे झोपायचो, भाचा म्हणून. नंतरचा अर्धा तास मी गप्प पडून होतो, मग उठून त्यांच्या बाहेरच्या अंगाला गेलो. ते घोरत होते. माझी सतरंजी भिजली.

असो. भाव करण्याबद्दल राहिलं. विक्रेत्याने साडेतीन हजार सांगितले तर किती मागावेत, याचं सूत्र ग्रंथांतरी आढळत नाही. मी निम्मे मागतो आणि लाजतो. मामा आकडा बोलतच नाहीत. ते ताडपत्रीची घडी घालू लागतात, अगदी नीट, कडा जुळवून, जणू विकत घेतलीच आहे, आणि अर्ध्या घडीवर थांबून सुस्कारा सोडतात. माणूस स्वतःच खाली उतरतो. हे शिकवून येत नाही. मी प्रयत्न केला, तर विक्रेत्याने घडी चुकली म्हणून मला परत घालायला लावली.

साठवण : पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून, जमिनीपासून वर. आत कडुलिंबाचा पाला घालावा आणि महिन्यातून एकदा उघडून बघावं, कारण उंदराला तुमच्या बजेटाशी देणंघेणं नसतं. यंदा आम्ही चार महिने उघडली नाही. अडतिसावं आणि एकोणचाळिसावं ठिगळ कशाचं लावावं यावर घरात चर्चा चालू आहे आणि माझा रेनकोट दिसेनासा झाला आहे.

तरी आमच्या दिंडीला एक जादा ताडपत्री हवी आहे. कॅनव्हासची, अठरा बाय चोवीस किंवा मोठी, शिवणी शाबूत, गुळाची असली तरी चालेल. कुणाकडं असल्यास बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मामांना गाठावं. ज्या ताडपत्रीखालून आकडे ऐकू येतील, तिच्याखाली ते आहेत. टोपी हातात धरून शेजारी उभा असेन तो मी.