आधी शोध, मग पाया

जमिनीतला इतिहास एकदाच वाचता येतो. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती, हे माती ट्रकमध्ये भरली गेल्यावर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पुरातत्त्वज्ञ पोकलेनच्या आधी पोचला पाहिजे.

लंडनमधला एकच भूखंड बघा. १९५४ मध्ये तिथे कार्यालयांची इमारत उभी राहायची होती. त्याआधीच्या उत्खननात डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना मिथ्रास या देवाचे रोमनकालीन मंदिर सापडले. ते पाहायला लोकांच्या रांगा लागल्या. तरी मंदिर हलवलेच. १९६२ मध्ये त्याचे दगड थोड्या अंतरावर, रस्त्याच्या पातळीवर सिमेंटने जोडून मांडले गेले.

१९८९ मध्ये शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष असेच बांधकामाच्या तडाख्यात आले. नट आणि रसिक आंदोलनात उतरले, आराखडा बदलावा लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये नवे नियोजन धोरण आले. परवानगीचा निर्णय होण्याआधी जमीन तपासायची आणि उत्खननाचा खर्च बांधणाऱ्याने उचलायचा, ही रीत त्यातून रुजली.

आता पुन्हा त्याच भूखंडावर या. २०१०पासून ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीआधी तिथे उत्खनन झाले. वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या गाळाने चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या जपून ठेवल्या होत्या. एका पाटीवर तारीख आहे ८ जानेवारी, इसवी सन ५७. मजकूर १०५ दिनारांच्या उधारीचा. राजेरजवाड्यांची नव्हे, बाजारातल्या माणसांची ही नोंद. इमारतही उभी राहिली, आणि तिच्या पोटात, मूळ जागेजवळ, ते मंदिर २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

शोधामुळे बांधकाम रखडते, ही तक्रार त्यामुळे टिकत नाही. आधी ठरवलेल्या तपासणीला वेळापत्रकात जागा देता येते. काम रखडते ते पाया खणताना अचानक भिंत लागली की.

आपल्याकडे, भारतात, प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा मुख्यतः यादीतल्या स्मारकांना जपतो. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आखले. १८७८चा कायदा जमिनीत पुरलेले धन सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. पण यादीबाहेरच्या पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या जमिनीचे, काय? पैठण, तेर, नेवासे, जुन्नर ही गावे सातवाहनकाळापासूनच्या थरांवर वसली आहेत. तिथे प्रत्येक पुनर्विकास म्हणजे त्या थरांची शेवटची भेट.

अशा गावांत बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत पुरातत्त्व तपासणीचा अहवाल सक्तीचा करा. मोठ्या प्रकल्पाचा खर्च विकसकाने द्यावा, स्वतःचे घर बांधणाऱ्याचा सरकारने. नफा ज्याचा, तपासणी त्याची. हा नियम नगरपालिकांच्या विकास आराखड्यांत आला पाहिजे, आणि तो मागणे आपले काम आहे.