हात सुबक, रकाना कोरा

दहावीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शकांचा हंगाम सुरू होतो. ‘हात सुबक आहे हो आमच्या बाळ्याचा, बारकावा एकही सुटत नाही,’ असं आईनं म्हणायचा अवकाश, उत्तर तयार असतं: दंतवैद्य, शल्यविशारद, टक्के कमी पडले तर ॲनिमेशन. म्हणजे हात किती चांगला, हे शेवटी गुणपत्रिकाच ठरवणार.

मिरजेचं नाव कोणी काढत नाही.

तिथं तंबोऱ्याची जवारी लावतात, ते एकदा बघून यावं. पंढरपूरकडच्या मळ्यातला कडू भोपळा वाळवून कापला, दांडी जोडली, खुंट्या बसल्या, नक्षी झाली, तरी तंबोरा नुसता टणटणतो. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानस फिरू लागते. चार हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. उतार केसभर चुकला तर सूर मुका. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत न्यायचा, की नेमक्या जागी गुंजन फुटतं. या कामाला मोजपट्टी नाही, कानच माप घेतो. प्रवेशपरीक्षाही नाही, त्यामुळे क्लासवाल्यांना रस नाही. आणि लग्नाच्या बायोडेटात लिहायचं काय, हा प्रश्न उरतोच.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सगळ्यांची छाती फुगली. फुगल्या छातीनं आपण रियाजाला बसलो आणि फोनमधला तंबोरा सुरू केला. त्याला भोपळा लागत नाही आणि जवारीही लागत नाही.

सरकारला मात्र हातांची कदर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, वर स्वस्त कर्ज. यादीत १८ व्यवसाय: सुतार, सोनार, कुंभार, शिंपी, न्हावी, अगदी मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा. वाद्यं बनवणारे? नाहीत. ‘सुतार म्हणून नाव घाला की,’ असं सुचवणारा एखादा भेटेलच.

खरी गंमत पुढे आहे. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. लढाया सरल्या, ते काम बसलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ही मंडळी सतारीकडे वळली. आता योजनेच्या यादीत शस्त्रं बनवणारे आहेत! पणजोबांनी तलवार टाकून सतार हाती घेतली नसती, तर पणतू आज भत्त्याला पात्र ठरले असते.

तरी मिरजकरांनी खट्टू होऊ नये. एखाद्या कारागिराचा सत्कार ठरलाच, तर हाराची काळजी नको. हार गुंफणारे यादीत आहेत.