धुराडं नसलेल्या गावात नाताळ

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यासारख्या गावात सांताक्लॉजनं उतरायचं म्हटलं तर पहिली अडचण धुराड्याची. पत्र्याच्या घराला धुराडं नसतं, स्लॅबच्या घरावर पाण्याची टाकी असते, आणि एखादं जुनं माळवद शिल्लक असेल तर त्याला सवणं असतं. पण सवण्यातून फार तर मांजर उतरेल, पोटासकट आणि पोत्यासकट सांता नाही. दुसरी अडचण रेनडिअरची. हा प्राणी आठाच्या संख्येनं तालुक्यात आला, तर चारा छावणीच्या रजिस्टरात त्याला मोठं जनावर धरायचं की लहान, यावर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कागद फिरत राहील आणि तोवर उन्हाळा संपेल. तिसरी अडचण बर्फाची; ती आपण कापसानं भागवतो. शेतातला कापूस वेचायला माणूस मिळत नाही, पण तोच कापूस प्लॅस्टिकच्या झाडाला चिकटवायला अख्खी बालवाडी हजर असते. एवढा खटाटोप करून झाल्यावर पोराला विचारावं, नाताळ म्हणजे काय रे? तो सांगतो, सांताचा हॅपी बड्डे. चूक पोराची नाही. ज्याला लाल टोपी घालून मध्यभागी उभा केला, त्याचाच वाढदिवस असणार, हा तर्क बिनतोड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की, लहान मुलांना घरच्या घरी नाताळचा अर्थ सांगायचा असेल तर खर्ड्याइतकी सोयीची जागा न्यूयॉर्कमध्येही सापडायची नाही, आणि आपण मात्र न्यूयॉर्कचं सामान मागवून ती सोय वाया घालवतो. या गोष्टीला लागणारं बहुतेक साहित्य इथं परसात पडलेलं आहे. मूळ गोष्टीत बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मराठी बायबलात हेच दोन शब्द आहेत, बाळंतं आणि गव्हाण, आणि ते इथल्या पोराला समजावून सांगावे लागत नाहीत. शहरातल्या पोराला गव्हाण म्हणजे काय हे सांगता सांगता एक अख्खा रविवार जातो, कारण आधी बैल सांगावा लागतो. शिवाय बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच मुळी भाकरीचं घर. ज्या मुलखात डिसेंबरात शाळू पोटऱ्यात येतो आणि पाहुण्याला हुरड्याच्या आशेवर आणखी दोन दिवस थांबवून घेतात, तिथं भाकरीचं घर ही काय कठीण कल्पना आहे?

इथं जाणकारांपेक्षा खर्ड्याचं पोर पुढं असण्याचा एक पुरावा देतो. जगभरच्या नाताळच्या नाटुकल्यांत एक सराईवाला असतो. तो दार किलकिलं करून ‘जागा नाही’ म्हणतो आणि प्रेक्षक त्याच्यावर चिडतात. लूकनं लिहिलेल्या मूळ शुभवर्तमानात हा बिचारा कुठंच नाही. गाढव नाही, बैल नाही. इतकंच काय, गोठाही नाही. नुसती गव्हाण आहे, आणि गव्हाण म्हणजे गोठा असलाच पाहिजे असं मागाहून लोक धरून चालले. आपल्याकडे जिचं भाषांतर उतारशाळा असं झालं, त्या जागेसाठी लूकनं जो ग्रीक शब्द वापरला तोच त्यानं पुढं शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे. म्हणजे पाहुण्यांची खोली. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत त्याला खरीखुरी सराई हवी होती तेव्हा त्यानं वेगळा शब्द काढला. यावरून काही अभ्यासक असं मांडतात की नातलगाच्या घरी पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून बाळंतिणीची सोय घराच्या त्या भागात झाली जिथं रात्री जनावरं बांधत. हे पटवायला विद्वानांना तळटीपांचा ढीग घालावा लागतो, कारण त्यांच्या वाचकांच्या डोळ्यांपुढं घर वेगळं आणि गोठा वेगळा असतो. माळवदाच्या घरात पुढच्या भागात दावण आणि पलीकडं चूल हे ज्याच्या आजीनं पाहिलंय, त्याला तळटीप लागत नाही. तो म्हणेल, मग त्यात काय, आत पाहुणे झाले असतील, बाळंतीण दावणीकडं नेली. सराईवाल्याची भूमिका मात्र ठेवायला हरकत नाही. देवदूत व्हायला सगळे तयार असतात, कुणाला तरी खलनायक करावंच लागतं.

जोसेफ आणि मरिया नासरेथहून शे-सव्वाशे किलोमीटर तंगडतोड करत बेथलेहेमला का गेले, हा मुलांचा पुढचा प्रश्न. औगुस्त कैसराच्या हुकुमानं नावनोंदणी होती आणि ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लावायचं होतं. नवव्या महिन्यातल्या बाईनंही समक्ष हजर राहावं, झेरॉक्स चालणार नाही, हा सरकारी खाक्या दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. रेशनकार्डाच्या मशीनवर आजीचा अंगठा उमटत नाही म्हणून जे पोर तीनदा तिच्याबरोबर दुकानात गेलंय, त्याला रोमन साम्राज्य शिकवायला वेगळा तास नको. मेंढपाळांचंही तसंच. रात्री गावाबाहेर जागं कोण असतं, असं इथल्या पोराला विचारावं. पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असतात, भोवती वाघूर लावलेली असते आणि लांडग्याच्या भीतीनं मेंढके आळीपाळीनं जागत असतात. बातमी पहिल्यांदा त्यांनाच कळली, यात पोराला चमत्कार वाटत नाही. जागा असलेल्यालाच कळणार. उलट पूर्वेकडून आलेले ताऱ्यांचे अभ्यासक, एवढे शिकलेले, पण थेट राजधानीत जाऊन पत्ता विचारते झाले आणि बातमी नको त्या माणसाच्या, हेरोद राजाच्या, कानी गेली. ते तीन होते असंही कुठं लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन. त्यांचा बाळंतविडाही विद्वानांनी खरेदी करावा तसाच आहे: सोनं, ऊद आणि गंधरस. डिंकाचा लाडू नाही, अळीव नाही, तुपाचा डबा नाही. त्यातल्या त्यात ऊद कामाचा, बाळाला धुरी देता येते. बाकी ही माणसं एकटीच खरेदीला गेली होती हे स्पष्ट दिसतं.

आता आक्षेप. पहिला भाविकांचा. शास्त्रात हुरडा आणि वाघूर घुसडून तुम्ही पवित्र गोष्टीचा खेळ मांडताय, असं कुणी म्हणेल. त्यांना सांगायचं, हा खेळ जुना आहे. १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत भरलेली गव्हाण, जिवंत बैल आणि जिवंत गाढव आणून नाताळ साजरा केला. आज आपण दुकानातून आणतो तो मातीचा देखावा त्याच प्रथेतला. इटलीच्या डोंगरातल्या गाढवाला चालतं ते बालाघाटच्या शेळीला का चालू नये? १६१६ साली फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण छापलं ते मराठीत आणि ओवीत. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाला पुराणाचा घाट उसना घ्यायला संकोच वाटला नाही. आणि आपल्याच नगरला, जिथं अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये तळ टाकला, तिथं राहून नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचं भजन आणि कीर्तन रचलं. टाळ-मृदंग ज्या धर्मानं पचवला त्याला कडबा बाधणार नाही. खाण्याच्या बाबतीत तर घराघरांतल्या बायकांनी हा वाद कधीच निकालात काढलाय. नगरी ख्रिस्ती घरात नाताळला करंजी, चकली आणि शंकरपाळे होतात, आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या जागी चांदणी लागते.

दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूनं येतो: ही तर आमच्या कृष्णाचीच गोष्ट झाली! दुष्ट राजा, बाळांची हत्या, रात्रीतून पळवलेलं मूल, गाई-गुरं. बरं झालं. हेरोद लहान मुलांना सांगावा की नको, ही पाश्चात्त्य आईबापांना पडणारी चिंता आपल्याला नाही, कारण कंस आपल्या पोरांना दुधाच्या दातांबरोबर भेटलेला असतो. साम्य आहे तिथं पोराला ते आनंदानं सापडू द्यावं, आणि मग फरक विचारावा. कंसाला कृष्णानं मारलं. हेरोद मात्र आपल्या आजारानं मेला, बाळ मोठं होऊन त्याच्यावर चालून गेलं नाही. पोरांना हा शेवट पहिल्यांदा फार मिळमिळीत वाटतो. वाटू द्यावा. दोन गोष्टी सारख्याच आहेत असं म्हणणारा शेजारधर्म पाळत नाही, आळस करतो.

तिसरा आक्षेप मोबाइलवाल्या दादाचा: २५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाहीच! नाही. रोममध्ये ही तारीख पाळत असल्याची नोंद ३३६ सालापासूनची. पण ज्या गावात एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यानुसार १ जून आहे, तिथं हा आक्षेप घेऊ नये. माणूस जन्मला होता, एवढं खरं. तारीख मास्तरांनी घातली.

सांताचा प्रश्न उरतोच, आणि तिथं मी थोडा कडक आहे. मूळ निकोलस हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप. त्याची आख्यायिका अशी की एका गरीब बापाच्या मुलींच्या लग्नासाठी त्यानं रात्री गुपचूप पैसे टाकले आणि आपलं नाव कळू दिलं नाही. त्याला आठ हरणं आणि धुराडं चिकटलं ते १८२३ च्या एका अमेरिकन कवितेतून; पोट वाढवलं १८६३ पासून थॉमस नॅस्ट या चित्रकारानं; आणि आजचं गोबरं, गुलाबी रूप पक्कं केलं १९३१ पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींनी. मला राग कोल्ड्रिंकचा नाही. अडचण अशी की हा म्हातारा वही ठेवतो: शहाण्या मुलांची यादी, वाईट मुलांची यादी. गव्हाणीच्या गोष्टीत वहीच नाही. मेंढक्यांकडं कुणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही, आणि बाळाला पाहायला येण्यासाठी कुणाला वर्षभर भाज्या खाव्या लागल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी सांगितल्या तर पोर वहीवालीच लक्षात ठेवणार, कारण तिच्यात सायकल मिळायची शक्यता असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गव्हाण. सांता आलाच तर मागाहून, आणि पाहुणा म्हणून.

राहिला शेवटचा आक्षेप, की आमचं घर ख्रिस्ती नाही, आम्ही कशाला? सुट्टी घेता म्हणून, हे एक उत्तर. शेजारून आलेली करंजी खाता म्हणून, हे दुसरं. तिसरं उत्तर जामखेडला आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथं आलं, ख्रिस्ती श्रद्धेनं आलं, आणि त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना बाळंतपण सुखरूप कसं करायचं हे शिकवलं. त्या वेळी या भागात हजारांत दीडशेहून अधिक बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. धड जागा नाही, सुईण नाही, स्वच्छ फडकं नाही अशा ठिकाणी जन्मलेल्या बाळाची गोष्ट त्या दोघांनी नुसती ऐकली नव्हती. पोराला अर्थ सांगायचा तर हेही सांगता येतं, आणि त्याला कुठल्या धर्माचा दाखला लागत नाही.

पण मुलं खरी अडवतात ती याच्याही पुढं. दिवाळी झाली की खर्ड्याच्या आसपासच्या गावांतून कोयते हलतात. नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला कारखान्यांकडं जातात, काही पोरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, काही बरोबर जातात, आणि वर्गात बाक रिकामे दिसतात. फडाशेजारच्या कोपीत डिसेंबरच्या थंडीत बाळंतपणं होतात. तान्हं बाळ झोळीत आणि झोळी बैलगाडीच्या खाली. गव्हाणीची गोष्ट नीट सांगितली असेल तर सहा वर्षांचं पोर हे दोन धागे आपणहून जोडतं, कारण अजून त्याला न जोडण्याची सवय लागलेली नसते. ते विचारतं, मग त्यांना कुणी आत का नाही घेतलं? यातले ‘ते’ म्हणजे बेथलेहेमचे की फडातले, हे विचारायच्या भानगडीत मोठ्यांनी पडू नये. बहुतेक मोठी माणसं या ठिकाणी उठून सांताची टोपी शोधायला जातात. टोपीचा खप एवढा का, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

करायचं म्हणाल तर फार काही नाही. बुटांचा रिकामा खोका किंवा टोमॅटोचं कॅरेट घ्यावं, त्यात मूठभर कडबा घालावा आणि २४ तारखेच्या रात्री बाळ ठेवेपर्यंत ते रिकामंच दिसू द्यावं. चांदणी वर टांगावी. पोराच्या प्रत्येक चांगल्या कामाला गव्हाणीत एक काडी, असले हिशेब ठेवू नयेत. तो सांताचा धंदा झाला. बाळ म्हणून बाहुली चालेल, जुन्या धोतराचं बाळंतं असेल तर उत्तम. घरात शेळी असेल तर मात्र २४ ला संध्याकाळी कडबा पुन्हा भरावा लागतो, कारण सकाळचा तिनं खाल्लेला असतो. तिला हाकलू नये. गव्हाण मुळात तिचीच.